बावीस गोष्टींतला सुतार

शाळेतली मुलं सरांना मूळपुरुष म्हणत. तोंडावर नाही, पण सरांना ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. इंग्रजीच्या तासाला कोणी एखादा वाक्प्रचार वापरला की सर खडू खाली ठेवायचे आणि विचारायचे, "याचं मूळ काय?" वर्ग चिडीचूप. मग सर स्वतःच सांगायचे आणि घंटा होऊन गेली तरी सांगत राहायचे. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी ही खोड गेली नव्हती. मागे एकदा दवाखान्यात डॉक्टर फोनवर कोणाला तरी 'अंडर द वेदर' म्हणाले, तर सरांनी छातीवरचा स्टेथोस्कोप बाजूला सारून प्रकृती बरी नसण्याला असं का म्हणतात ते समजावलं होतं. डॉक्टरांनी निमूट ऐकून घेतलं. बाहेर रांगेत बसलेले लोक काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अशा माणसाच्या नावावर पुस्तक मात्र एकच होतं, तीस वर्षांपूर्वीचं. इंग्रजीतले एकशे चाळीस वाक्प्रचार, एका पानावर एक. वर वाक्प्रचार, खाली अर्थ, त्याखाली वाक्यात उपयोग आणि पानाच्या तळाशी एक चौकट, तिच्यात उगम. लोकांनी पुस्तक डोक्यावर घेतलं ते त्या चौकटीमुळे. अर्थ काय, कुठल्याही शब्दकोशात मिळतो. पण असं का म्हणतात, पहिल्यांदा कोण म्हणालं, त्या दिवशी काय घडलं होतं, हे सगळं सहा ओळींत सांगणारं दुसरं पुस्तक नव्हतं. आता त्याची नवी आवृत्ती निघणार होती आणि सर गेले दोन महिने जरा छाती पुढे काढूनच चालत होते.

सोमवारी सकाळी प्रकाशकाकडच्या नव्या संपादिकेचा फोन आला. तरुण मुलगी, पण कामाला चोख.

"सर, एक अडचण आहे. चौऱ्याहत्तर चौकटींना आधार सापडत नाहीये."

"आधार म्हणजे?"

"म्हणजे ही हकिकत कुठून आली, आधी कोणी लिहिली होती. या वेळी प्रत्येक चौकटीखाली संदर्भ छापायचा ठरलंय. उरलेल्या सहासष्ट मी शोधल्या, मिळाल्या. या चौऱ्याहत्तर काही केल्या मिळेनात. तुमच्याकडे टिपणं असतील ना?"

"असतील म्हणजे? आहेतच," सर म्हणाले.

"मग गुरुवारी दुपारपर्यंत कळवा. तेव्हा पानं छपाईला जातात. नाही मिळालं तर त्या चौकटीत 'उगम अज्ञात' असं छापावं लागेल."

सरांनी फोन ठेवला आणि मनातल्या मनात मोजलं. चौऱ्याहत्तर वेळा अज्ञात. म्हणजे निम्म्याहून जास्त पुस्तकात, पान उलटलं की अज्ञात. मूळपुरुषाच्या पुस्तकात! उद्या जुने विद्यार्थी ते उघडून बघणार!

माळ्यावरून त्यांनी बुटांची दोन खोकी खाली काढली. पुस्तकाची मूळ कार्डं त्यांत होती. त्या वेळी कामाची रीत अशी होती: सर शाळेतून येताना कार्डाच्या पुढच्या बाजूला वाक्प्रचार आणि अर्थ लिहून आणायचे. रविवारी सरांच्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत शिकवण्या असत, म्हणून कार्डांचा गठ्ठा घेऊन त्यांची बायको वाचनालयात जायची, उगम शोधायची आणि कार्डाच्या मागच्या बाजूला लिहून आणायची. ती टपाल कचेरीत काउंटरवर होती, अक्षर सुवाच्य, इंग्रजीही चांगलं. असे तीन वर्षं रविवार गेले. प्रस्तावनेत सरांनी तिचे आभार मानले होते, दीड ओळीत.

सरांनी कार्डं उलटीपालटी करून पाहिली. पुढे त्यांचं अक्षर, मागे तिचं. पुस्तकाचं नाव कुठेच नाही, पान नाही, लेखक नाही.

"अगं, ही तू कुठल्या पुस्तकातून उतरवलीस?" त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं.

बायको मटार सोलत होती. "मोठ्या," ती म्हणाली.

"मोठं म्हणजे कुठलं मोठं?"

"जाड होतं. तीस वर्षं झाली, मला काय आठवतंय आता. सरका जरा, उजेड अडवताय."

सर सरकले. त्यांना जरा चमत्कारिक वाटलं, कारण ही बाई कोणत्या वर्षी कोणत्या दुकानातून कोणती किटली घेतली आणि दुकानदार काय म्हणाला, हे सगळं सांगू शकत असे. पण तेव्हा त्यांनी तो विचार झटकून टाकला.

मंगळवारी ते वाचनालयात गेले. दुसऱ्या मजल्यावर संदर्भ विभाग, लांबच लांब टेबलं, खिडकीशी पेंगणारे दोन म्हातारे. सरांनी 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' घेतलं. धो धो पाऊस पडणे. त्यांच्या पुस्तकात हकिकत होती ती अशी: एका सुताराच्या दुकानात मुसळधार पावसात गल्लीतली सगळी मांजरं आणि सगळी कुत्री शिरली आणि एकाच बाकड्याखाली न भांडता अंगाला अंग लावून बसली. तेव्हा सुतार म्हणाला, पाऊस किती आहे ते बाहेर बघायला नको, बाकड्याखाली बघा. सरांची ही फार लाडकी गोष्ट.

तासाभरात ती सापडली. सहा वर्षांपूर्वी छापलेला जाडजूड कोश, त्यात हीच गोष्ट, बाकड्यासकट. सर इतक्या जोरात "वा!" म्हणाले की एक म्हातारा जागा झाला आणि ग्रंथपालबाईंनी डोळे वटारले. गोष्टीच्या शेवटी बारीक आकडा होता. सरांनी कोशाची शेवटची पानं काढली आणि तो आकडा शोधला. तिथे सरांचंच नाव होतं. पुस्तक सरांचं, पान एकतिसावं.

त्यांनी दुसरा कोश काढला. त्यात पहिल्या कोशाचा दाखला. तिसरं होतं मुलांचं रंगीत पुस्तक, त्यात 'विद्वानांच्या मते' असं म्हटलं होतं आणि ते विद्वान कोण हे आता सरांना कळून चुकलं. सगळे रस्ते फिरून त्यांच्याच दारात येत होते. हे चांगलं म्हणायचं की वाईट, हेही त्यांना ठरवता येईना. परत जाताना ते चुकीच्या जिन्याने उतरले आणि सायकली ठेवायच्या जागेत जाऊन उभे राहिले.

बुधवारी सकाळी ते थेट प्रकाशकाच्या कचेरीत गेले. संपादिकेच्या टेबलावर त्यांच्या पुस्तकाची सुटी पानं पसरली होती आणि कित्येक पानांवर हिरव्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या.

"बसा सर. मी सातवीत होते तेव्हा हे पुस्तक पाठ होतं मला," ती म्हणाली. "म्हणून विचारायला जड जातंय. पण कॅट्स अँड डॉग्ज का म्हणतात हे नक्की कोणालाच माहीत नाही हो. मग हा सुतार आला कुठून?"

"हिरव्या चिठ्ठ्या कसल्या?"

"सुताराच्या. 'टच वुड'मध्ये सुतार. 'किक द बकेट'मध्ये मरताना सुतार सरसाची बादली लाथाडतो. ठीक आहे, लाकडाच्या गोष्टी आहेत असं म्हणू. पण 'अंडर द वेदर'मध्येही सुतारच आजारी आहे. मी मोजले, सर. बावीस गोष्टींत सुतार आहे. आणि सगळीकडे तो डावखुरा आहे. जगातले बावीस वाक्प्रचार एका डावखुऱ्या सुताराच्या दुकानात जन्मले असतील का?"

इतकी वर्षं शिकवताना सरांना सुतार दिसला नव्हता असं नाही. दिसला होता, पण दर वेळी वेगळा दिसला होता. आता बावीसच्या बावीस जण एका रांगेत उभे राहिले आणि सगळ्यांचा चेहरा एकच होता. सरांच्या बायकोचे वडील सुतार होते. आणि डावखुरे होते.

या माणसाशी सर चौतीस वर्षांपूर्वी शेवटचं बोलले होते. लग्नानंतर सहा महिन्यांनी जावई म्हणून जेवायला गेले असताना सरांनी ताटावर बसून इंग्रजी भाषेच्या थोरवीवर लांबलचक व्याख्यान दिलं. सासऱ्यांनी ते सगळं ऐकलं आणि हसून विचारलं, "जावईबापू, हे सगळं बोलून झालं की खिळा आपोआप आत जातो का?" पंगत खो खो हसली. सरांच्या नाकावर राग कायमच बसलेला असे, त्या दिवशी तो डोक्यात गेला. अर्ध्या ताटावरून उठले, आणि पुन्हा त्या घरात पाऊल ठेवणार नाही म्हणाले. सासऱ्यांनी तीन-चारदा निरोप पाठवले. सरांनी एकाचंही उत्तर दिलं नाही. पुढे बोलण्यात विषय निघाला तर ते 'हिचे वडील' म्हणायचे, आणि विषय निघणार नाही असंच बघायचे. एकोणीस वर्षांपूर्वी ते वारले तेव्हा मात्र सर त्या घरी गेले होते, सगळ्यांच्या मागे उभं राहायला.

घरी आले तेव्हा बायको खिडकीशी शर्टाला बटण लावत होती. सर चप्पल न काढताच तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"बावीस सुतार," ते म्हणाले.

तिने दोरा दातांनी तोडला. "तेवीस," ती म्हणाली. "एकाला मी न्हावी केला होता. फारच सुतार व्हायला लागलेत असं वाटलं म्हणून."

मग तिने सांगितलं, बटणाकडे बघत, टपाल कचेरीत पाकिटाचं वजन सांगावं तसं. सुरुवातीला ती खरोखर वाचनालयात जात होती. मग एका रविवारी वाचनालय रंगकामासाठी बंद होतं. वडिलांचं दुकान तिथून दोन गल्ल्या पलीकडे. सर ताटावरून उठले तेव्हापासून ती त्यांच्याकडे चोरूनच जायची, कधी दहा मिनिटं, कधी नुसती दारातून. त्या दिवशी पूर्ण दिवस मोकळा सापडला.

"बाबांनी विचारलं, हातात काय गं? मी सांगितलं. म्हणाले, वाच एखादं. मी वाचलं, अर्थ सांगितला. त्यांना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण रंधा मारता मारता म्हणाले, मग हे असं झालं असणार बघ. आणि रचलंच की त्यांनी! मी हसून हसून लोळले. गंमत म्हणून कार्डावर लिहिलं. संध्याकाळी तुम्ही ते वाचलंत आणि म्हणालात, वा, हे कुठे मिळालं? मी म्हणाले, मोठ्या पुस्तकात."

"आणि पुढे?"

"पुढे काय. पुढच्या रविवारी वाचनालय उघडं होतं. मी गेले नाही."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. तुम्हीच पाठवत होतात. स्वतः डबा भरून देत होतात."

सरांचा राग उसळला. पण तो कोणावर काढायचा हेच त्यांना कळेना. बायकोवर, की मेलेल्या माणसावर, की सहा वर्षांपूर्वीच्या त्या जाडजूड कोशावर? "माझं हसं केलंस तू," ते ओरडले. "हजारो पोरांना मी हे शिकवलं!"

"कोण हसलं?" बायकोने पहिल्यांदा वर पाहिलं. "तीस वर्षांत कोणी एक तरी हसलं का तुम्हाला? तुम्हीच तर सांगायचात, पोरं अर्थ विसरतात पण उगम विसरत नाहीत. आणि घरी येऊन मला ऐकवायचात. मला! बाबांचीच गोष्ट!"

सर खोक्यापाशी गेले आणि उगाच कार्डं चाळू लागले. कुठलं खरं, कुठलं रचलेलं, हे अक्षरावरून कळण्यासारखं नव्हतं. चाळता चाळता 'कोल्ड शोल्डर' हाताला लागलं. एखाद्याला तुटकपणे टाळणे. कार्ड उलटून त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि चार शब्दांत थांबले, कारण पुढचं सगळं पाठ होतं.

एका सुताराकडे एकदा एक विद्वान पाहुणा आला आणि रागावून गेला. आपल्याकडे त्याच्या योग्यतेची खुर्ची नव्हती म्हणून असेल, असं सुताराला वाटलं. त्याने चांगल्या लाकडाची खुर्ची केली, उंच पाठीची. पाठीच्या वरच्या पट्टीला तो खांदा म्हणे. दर रविवारी तो खुर्ची पुसून दाराशी ठेवी आणि संध्याकाळी खांद्यावर डावा हात ठेवून बघे. कोणी टेकून बसलं असतं तर लाकडाला थोडी ऊब असती. खांदा गारच लागे. तेव्हापासून लोक म्हणू लागले, त्याने कोल्ड शोल्डर दिला.

ही गोष्ट सर दर वर्षी सांगत आणि दर वर्षी सांगताना त्यांचा आवाज कापरा होई. एका वर्षी एका मुलीने विचारलं होतं, "सर, तो पाहुणा परत आलाच नाही?" आणि सर म्हणाले होते, "नाही. पुस्तकं वाचून अक्कल आलीच पाहिजे असं नसतं, बाळ. काही माणसं उर्मटच असतात." ते त्यांना शब्दन् शब्द आठवलं, मुलीचा चेहरासुद्धा आठवला.

"खुर्ची होती का?" त्यांनी विचारलं. "की तीही रचलेली?"

"होती. बाबा गेले त्या दिवशी तुम्ही तिच्या शेजारीच उभे होतात. कोणीतरी म्हणालं, सर, बसा. तुम्ही म्हणालात, नको, निघायचंय."

सरांना तो दिवस आठवला, गर्दी आठवली, आपण घड्याळ पाहिलं होतं हेही आठवलं. खुर्ची मात्र काही केल्या आठवेना. ती कशी होती, कुठल्या रंगाची, हे विचारायची त्यांची हिंमत झाली नाही. ते अंथरुणावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. आपली लाज वाटते आहे, की त्या म्हाताऱ्याची आठवण येते आहे, हे त्यांना कळेना. ज्याच्याशी कधी नीट बोललो नाही त्याची आठवण कशी येईल? पण इतकी वर्षं वर्गात बोलत होता तो तरी कोण होता?

गुरुवारी सकाळी फोन त्यांनीच केला. बायको तिथेच बसून वर्तमानपत्र वाचत होती, किंवा समोर धरून होती.

"चौऱ्याहत्तर चौकटींत अज्ञात छाप," सर म्हणाले.

"सर..." संपादिकेचा आवाज पडला. "मग त्या गोष्टी काढून टाकायच्या?"

"काढायच्या नाहीत. पुस्तकाच्या शेवटी सगळ्या एकत्र घे. वर स्पष्ट लिही, या रचलेल्या आहेत, यांतली एकही खरी नाही. आणि खाली रचणाऱ्याचं नाव घाल." त्यांनी नाव सांगितलं, आडनावासकट, सावकाश. वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबलं.

"हे कोण, सर? वाचकांना कळायला हवं. एक ओळ द्या ना."

"एक सुतार," सर म्हणाले.

पलीकडून कळफलकाचा आवाज आला. सर फोन धरून तसेच उभे राहिले. संपादिका म्हणाली, "बरं, झालं," तरी त्यांनी ठेवला नाही.

"थांब. खोड ते," ते म्हणाले. मग त्यांना खोकला आला, मग ते विनाकारण चष्म्याची काच पुसू लागले. "लिही, माझे सासरे."

"सुतार काढू?"

"नको. दोन्ही ठेव."

फोन ठेवून ते वळले. बायकोने वर्तमानपत्र खाली घेतलं होतं. ती रागावली आहे की तिला बरं वाटलं आहे, हे तिच्या चेहऱ्यावरून सरांना अजिबात कळलं नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात ते त्यांना फारसं कधी कळलंच नव्हतं.

"त्या खुर्चीच्या गोष्टीचे बाबांनी दोन शेवट सांगितले होते," ती म्हणाली. "मी एकच लिहिला."

"दुसऱ्यात काय होतं?"

"दुसऱ्यात पाहुणा येतो."

"मग?"

"मग काही नाही. येतो, बसतो, पाणी मागतो." तिने वर्तमानपत्राची घडी घातली, ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा घातली. "बाकीची सगळी खोटी कार्डं मी लिहिली, हात थरथरला नाही. एवढं एक मात्र मला लिहिता आलं नाही."